बाहेरच्या माणसाचा शब्द

‘एवढं खटकतं तर इथे आलात कशाला?’ मुंबईच्या दिंडोशीत हा प्रश्न रोज कुणी ना कुणी कुणाला तरी विचारत असतं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भाड्याने राहणाऱ्या बाईने पाण्याच्या वेळेबद्दल तोंड उघडलं की सभासद विचारतात. जौनपूरहून आलेला रिक्षावाला खड्ड्यांवरून मुंबईला नावं ठेवू लागला की मागे बसलेला प्रवासी विचारतो. त्याच प्रवाशाची लेक न्यू जर्सीत संसार करते, तिथे कर भरते, आणि तिथल्या बंदुकांच्या कायद्याबद्दल काही बोलली की तिचा शेजारी तिला इंग्रजीत हेच विचारतो. मग इथे फोनवर आई हळहळते. तिन्ही ठिकाणी विचारणाऱ्याला आपला प्रश्न अगदी रास्त वाटतो. या पुस्तकाचा विषय तो प्रश्न आहे. बाहेरून आलेल्या किंवा पूर्णपणे परक्या माणसाने आपल्या देशाला, शहराला, समाजाला दोष दिला की आपण काय करतो, आणि जे करतो त्याची किंमत कोण मोजतं?

किंमत कोण मोजतं, हे मी मुद्दाम विचारते. या विषयावरची कात्रणं, खटल्यांचे निकाल, जुने अंक चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, आणि तिनेच हे पुस्तक लिहायला भाग पाडलं. राग परक्यावर असतो, पण तो परक्यापर्यंत क्वचितच पोचतो. परका आपल्या देशात सुखरूप असतो. रागाचा फटका बसतो तो आपल्यातल्याच कुणाला तरी: परक्याला मदत करणाऱ्याला, तीच गोष्ट आधीपासून सांगत आलेल्याला, किंवा ज्याला आपण सोयीप्रमाणे ‘बाहेरचा’ म्हणू शकतो अशा शेजाऱ्याला.

पुस्तक दिंडोशीत लिहिलं गेलं, याचा त्याच्या मांडणीशी संबंध आहे. बाहेरचा कोण हे ठरवायला बसलं तर इथे फार थोड्यांचा टिकाव लागतो. पूर्वेला आरेच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात वारल्यांचे पाडे आहेत. त्यांच्या हिशेबाने आपण सगळेच काल आलेलो. १९४९ साली आरेची दूध वसाहत आली. १९७७ साली चित्रनगरी उभी राहिली, तिला आता दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे. कुरार, आप्पापाडा, क्रांतीनगर, पिंपरीपाडा इथे कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं येत राहिली आणि वस्त्या डोंगरावर चढत गेल्या. दिंडोशी हा विधानसभेचा मतदारसंघही फेररचनेनंतरचा, नवा. २००९च्या पहिल्या निवडणुकीत इथून काँग्रेसचे राजहंस सिंह निवडून आले, आणि २०१४ साली शिवसेनेचे सुनील प्रभू. दोघांना मतं देणारी माणसं एकाच नळावर पाणी भरतात.

या वस्तीला तक्रारीचं वावडं असण्याचं खरं तर काहीच कारण नाही. इथली नागरी निवारा ही वसाहतच तक्रारीतून उभी राहिली. १९७६च्या कमाल जमीन धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेली जमीन बिल्डरांच्या घशात न जाता सामान्य माणसाच्या घरांसाठी मिळावी, म्हणून मृणाल गोरे, बाबूराव सामंत, कमल देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं सरकारशी भांडण केलं. गोरेगावकरांनी मृणालताईंना ‘पाणीवाली बाई’ म्हटलं ते महापालिकेकडे त्या सतत गाऱ्हाणं नेत राहिल्या म्हणून. अशा माणसांनी मिळवून दिलेल्या घरात राहून आपण भाडोत्र्याला गप्प बसवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२ जुलै २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर, मुसळधार पावसात, मालाडच्या टेकडीवरच्या जलाशयाची संरक्षक भिंत पिंपरीपाडा आणि आंबेडकर नगरातल्या झोपड्यांवर कोसळली. पंचवीसहून अधिक माणसं गेली. त्या आठवड्यात माझ्या आसपासच्या इमारतींत, चांगल्या शिकलेल्या घरांत, मी ऐकलं, ‘तिथे राहायला त्यांना सांगितलं कुणी?’ भिंत का पडली, पाणी जायला वाट होती की नव्हती, हे विचारणारे कमी होते. जो डोंगरावर राहतो तो बाहेरचा, आणि बाहेरच्याचं गाऱ्हाणं ऐकायची गरज नाही, एवढ्यावर विषय संपला.

शेजाऱ्याच्या बाबतीत आपण इतके कडक, मग सातासमुद्रापलीकडून येऊन कुणी आपली लक्तरं जगापुढे मांडली तर? त्यासाठी १९२७ या सालाकडे जावं लागतं. या सालावर मी पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत.

त्या वर्षी कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंचं ‘मदर इंडिया’ प्रसिद्ध झालं. बालविवाह, लहान मुलींची बाळंतपणं, सुईणींचं अज्ञान, अस्पृश्यता, अस्वच्छता यांचं वर्णन करून बाईंचा निष्कर्ष असा की हे लोक स्वराज्याला लायक नाहीत. दौऱ्यात त्यांना ब्रिटिश अधिकाऱ्यांची मदत होती आणि पुस्तकाचा उपयोगही साम्राज्याच्या वकिलीसाठी झाला. हिंदुस्थानभर संतापाची लाट उसळली. निषेधाच्या सभा झाल्या, उत्तरादाखल पुस्तकं आणि पुस्तिका ढिगाने निघाल्या, लाला लजपतराय यांनी ‘अनहॅपी इंडिया’ लिहिलं. तो राग इतका टिकला की तीस वर्षांनी, १९५७ साली, वांद्र्यात स्टुडिओ असलेल्या मेहबूब खान यांनी आपल्या सिनेमाला मुद्दाम तेच नाव दिलं आणि त्या नावाचा अर्थच उलटवला.

गांधीजींनी सप्टेंबर १९२७च्या ‘यंग इंडिया’त या पुस्तकाचं परीक्षण केलं. गटारं तपासणाऱ्या इन्स्पेक्टरचा अहवाल, असं त्यांनी त्याला म्हटलं, आणि हेच शब्द पुढे सर्वतोमुखी झाले. त्याच लेखाचा दुसरा भाग मात्र आपण विसरलो. गांधीजींचं म्हणणं असं होतं की पुस्तकाने उभं केलेलं एकूण चित्र खोटं आहे, परक्यांनी त्यावरून आपल्याविषयी मत बनवू नये. पण हिंदी माणसाने ते वाचावं, कारण आरोप ज्या रीतीने ठेवला आहे ती रीत नाकारता आली तरी त्यामागचा सगळा मजकूर नाकारता येत नाही. या विषयावर इतकं समतोल उत्तर मला दुसरं सापडलेलं नाही. हेतू वाईट, चित्र एकांगी, तरीही त्यात आपल्या कामाचं काय आहे ते घ्यावं.

आता त्याच साली महाराष्ट्रात काय चाललं होतं ते पाहा. मार्चमध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले, एप्रिलमध्ये त्यांचं ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं, डिसेंबरात पुन्हा महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं. जुलैमध्ये मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं. मेयोबाईंनी अस्पृश्यतेविषयी आणि स्त्रियांच्या शरीराच्या हालांविषयी जे लिहिलं, त्यातलं खरं होतं ते ही दोन माणसं मराठीतून, पुराव्यानिशी आणि स्वतःच्या नावाने सांगत होती. ती ना परकी होती ना साम्राज्याची वकील. त्यांचं स्वागत झालं का? चवदार तळ्यावरून परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली आणि तळं गोमूत्र-पंचगव्याने ‘शुद्ध’ केलं गेलं. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं. तरी ते खटला हरले आणि कर्व्यांना दंड झाला. मेयोबाईंच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

‘आपल्या माणसाने सांगितलं असतं तर ऐकलं असतं, परक्याने सांगितलं म्हणून राग आला,’ असं आपण नेहमी म्हणतो. १९२७ साल या म्हणण्याला आधार देत नाही. आपल्या माणसाचंही आपण ऐकलं नव्हतं. पुण्यात समाजसुधारक आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली होती, तेव्हा तर ‘मदर इंडिया’ कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तरी त्या सालातली एक गोष्ट मला धीर देते. अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक जानेवारी १९२७मध्ये पुण्यात भरली होती. पुढे मेयोबाईंचा निषेध करण्यात या संघटित स्त्रिया आघाडीवर होत्या, आणि बालविवाहाविरुद्धचं हरविलास सारडा यांचं विधेयक पास व्हावं म्हणून सरकारच्या आणि पुढाऱ्यांच्या मागे लागण्यातही त्याच आघाडीवर होत्या. हिंदुस्थान सुधारायला तयार नाही असं परकी बाई म्हणते काय, मग हा कायदा करून दाखवा, असा त्यांचा पवित्रा होता. १९२९ साली कायदा झाला, १ एप्रिल १९३० पासून तो लागू झाला, आणि मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरलं. परक्याचा खोडसाळपणा नाकारायचा आणि त्याच रागाचा जोर घरातलं काम तडीस न्यायला वापरायचा, हे आपल्याला जमलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वी बायकांनी ते करून दाखवलं.

पंडिता रमाबाईंचं प्रकरण यापेक्षा अवघड आहे, कारण तिथे सांगणारी आपली आणि ऐकणारे परके. त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियात निघालं. त्यातून आणि व्याख्यानांतून उभ्या राहिलेल्या पैशावर १८८९ साली मुंबईत विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं. घरातली गोष्ट दारात नेली, हा राग तेव्हापासूनचा. त्यांच्या ख्रिस्ती होण्याने तो दुणावला, आणि १८९३ साली ‘केसरी’ने धर्मांतराच्या आरोपावरून सदनावर धरलेला रोख सर्वांना माहीत आहे. फारसं न वाचलं गेलेलं आहे ते त्यांचं मराठी पुस्तक, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. तेही १८८९चंच. ज्या अमेरिकेने पैसा दिला, मान दिला, तिचं कौतुक करतानाच तिथल्या मूळ रहिवाशांवरचा अन्याय, काळ्या माणसांना मिळणारी वागणूक, स्त्रियांना नसलेला मताधिकार, हे सगळं रमाबाईंनी नोंदवलं आहे. पाहुणी म्हणून गेलेली एक मराठी बाई यजमानाचे दोष लिहिते, आणि ते वाचताना आपल्याला अभिमान वाटतो. हाच मान आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला द्यायची वेळ आली की आपण अडखळतो.

व्ही. एस. नायपॉल १९६२ साली बोटीने मुंबईला उतरले. पणजोबा-आजोबांच्या पिढीने गिरमिटिया म्हणून हिंदुस्थान सोडला होता, नातू त्रिनिदादहून इंग्लंडमार्गे परत आला. दारूबंदीच्या मुंबईत जप्त झालेल्या दोन बाटल्या सोडवण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. १९६४च्या ‘अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस’ची सुरुवातच त्या कागदपत्रांच्या फेऱ्यांपासून होते. चर्चगेट स्टेशनच्या गर्दीत आपण कुणीच वेगळे नाही या जाणिवेने ते हादरले, तेही त्यांनी लिहिलं. पुस्तकभर उघड्यावरचा मळ, लाचारी, नक्कल, कामाविषयीची अनास्था. इथे ते वाचून लोक दुखावले, आणि मला वाटतं ते दुखावणं खोटं नव्हतं. स्वतःच्या धक्क्यापलीकडे लेखकाला समोरची माणसं दिसतच नाहीत, अशी पानं त्यात आहेत.

या पुस्तकाला मुंबईतूनच जे उत्तर मिळालं ते निस्सीम इझिकेल यांच्याकडून. इझिकेल बेने इस्रायल. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजात १९२४ साली त्यांचा जन्म झाला. ते इंग्रजीत कविता लिहीत आणि पार्ल्याच्या मिठीबाई कॉलेजात इंग्रजी शिकवत. ‘नायपॉल्स इंडिया अँड माइन’ या निबंधात त्यांनी नायपॉल यांची निरीक्षणं खोटी आहेत असं म्हटलं नाही. बरीचशी मान्यच केली, आणि आपणही या देशावर तितकीच कडक टीका करतो हे सांगितलं. त्यांचा आक्षेप असा होता की नायपॉल गुंतत नाहीत, स्वतःच्या पेचातून बाहेर पडून समोरच्या माणसाला भेटत नाहीत. आणि स्वतःविषयी इझिकेल म्हणतात की आपण हिंदू नाही, पार्श्वभूमीने बाहेरचेच ठरतो, पण परिस्थितीने आणि स्वतःच्या निर्णयाने आपण या देशाशी बांधलेले आहोत. एका बाहेरच्याने दुसऱ्या बाहेरच्याला दिलेलं हे उत्तर होतं. त्यात ‘परत जा’ नव्हतं. होतं ते ‘नीट बघ’.

नायपॉल यांनी पुढे नीट पाहिलं असं माझं मत आहे. १९७७च्या पुस्तकासाठी ते मुंबईच्या चाळींत आणि झोपडवस्तीत फिरले. १९९०चं ‘अ मिलियन म्युटिनीज नाऊ’ मुंबईतच सुरू होतं, आंबेडकर जयंतीच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या दलितांपासून. त्यात नामदेव ढसाळ आहेत, मल्लिका अमरशेख आहेत, शिवसैनिक आहेत, आणि या वेळी लेखक बाजूला सरून त्यांना बोलू देतो. नायपॉलना हाकलून दिलं असतं तर हे पुस्तक झालं नसतं.

सरकारं मात्र निबंध लिहीत नाहीत. लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाचे भारतावरचे माहितीपट १९७० साली बीबीसीने दाखवले, तेव्हा दिल्लीतलं बीबीसीचं कार्यालयच बंद करायला लावण्यात आलं. ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या वेळी, जानेवारी २००९मध्ये, गोऱ्या दिग्दर्शकाने मुंबईची गरिबी विकली म्हणून ओरड झाली, झोपडपट्टीतल्या माणसाला कुत्रा म्हटलं म्हणून निदर्शनंही झाली, आणि हा दुसरा राग मला समजू शकतो. मग २२ फेब्रुवारीला आठ ऑस्कर मिळाले. रहमान, गुलजार, रसूल पूकुट्टी यांच्या नावाने पेढे वाटले गेले, आणि गरिबी विकल्याचा मुद्दा जवळजवळ रातोरात नाहीसा झाला. तो मुद्दा खरा असेल तर बक्षिसाने खोटा कसा ठरला? परक्याच्या निंदेने आपण जितके हलतो तितकेच त्याच्या शाबासकीनेही हलतो. दोन्हींचं मूळ एक आहे, आणि पुस्तकाचं एक प्रकरण त्यावरच आहे.

महाराष्ट्राने अजून पुरतं बोलून न घेतलेलं प्रकरण जेम्स लेन यांच्या पुस्तकाचं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या या अभ्यासकाचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक २००३ साली निघालं. त्यात महाराजांच्या मातापित्यांविषयी एक ऐकीव, निराधार आणि हीन चेष्टा नोंदवलेली होती. ती तिथे असायला नको होती. अभ्यासकाने कुजबुज छापायची तर तिची छाननी करायची, नाहीतर सोडून द्यायची. इतिहास संशोधकांनी पत्र लिहून निषेध केला, आणि नोव्हेंबर २००३मध्ये प्रकाशकाने पुस्तक भारतातून मागे घेतलं. इथवर जे झालं ते योग्य झालं असं मी मानते. चूक दाखवली गेली, ती चूक आहे हे प्रकाशकाच्या कृतीने कबूल झालं.

पुढचं सांगताना आजही जड जातं. लेखकाने ऋणनिर्देशात नाव घेतलं एवढ्या कारणावरून डिसेंबर २००३मध्ये संस्कृत पंडित श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं. ५ जानेवारी २००४ रोजी संभाजी ब्रिगेडच्या जमावाने पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला केला. ग्रंथ, हस्तलिखितं, कपाटं, चित्रं यांची नासधूस झाली. ही संस्था १९१७ची, आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करायला तिने जवळपास अर्धशतक दिलं. लेन मिनेसोटात होते. फुटलं ते आपलं घर. राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली. संघराज रूपवते, आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला न्यायालयात गेले, मुंबई उच्च न्यायालयाने २००७मध्ये बंदी रद्द केली, आणि ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. शिवचरित्रावर आणखी पुरावा पुढे यावा, मराठीत आणि इंग्रजीत चोख ग्रंथ लिहिले जावेत, त्या एका वाक्याला अभ्यासाने कायमचं गाडावं, ही संधी होती. ती आपण दगडांनी वाया घालवली. महाराजांच्या कागदपत्रांचं मोल जाणणाऱ्या परंपरेचंच त्यात नुकसान झालं.

मुंबईपुरतं बोलायचं तर सप्टेंबर २०२० आठवावा लागतो. हिमाचलातून येऊन याच शहरात नाव कमावलेल्या कंगना रनौत यांनी मुंबईची तुलना पाकव्याप्त काश्मीरशी केली. ती तुलना अन्यायाची होती आणि मुंबईकरांना ती लागली. ९ सप्टेंबरला महापालिकेने पाली हिलवरच्या त्यांच्या कार्यालयाचा भाग पाडला. २७ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने ही कारवाई आकसाने केल्याचं म्हटलं आणि त्यांनाही बोलताना संयम ठेवायला सांगितलं. महापालिकेला उत्तर द्यायचंच होतं तर शब्दांनी देता आलं असतं: इथे येऊन वसलेल्या लाखोंची नावं सांगता आली असती. हातोडा चालला आणि अन्यायाच्या वाक्याला न्यायाची बाजू मिळाली. त्या कज्ज्याचा खर्च तुमच्याआमच्या करातून झाला.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर महाराष्ट्रावर अन्याय होईल. गेल ऑम्व्हेट १९४१ साली अमेरिकेतल्या मिनिआपोलिसला जन्मल्या. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी प्रबंध लिहिला, भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिल्या, १९८३ साली भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ साली तिथेच वारल्या. जातीविषयी त्या जे बोलल्या ते मेयोबाईंपेक्षा मवाळ होतं असं कुणी म्हणू शकणार नाही. शेतकरी संघटनेची बाजू घेतली म्हणून डावे त्यांच्यावर तुटून पडले, नर्मदा आंदोलनाशी त्या उघड भांडल्या, आणि त्यांच्याशीही लोक भांडले. पण ते भांडण मुद्द्यांवर होतं. दुष्काळी भागातल्या मोर्च्यांत त्या स्वतः चालल्या होत्या, म्हणून ‘आलात कशाला’ हा प्रश्न तिथे कुणाला फारसा सुचला नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी हेच केलं. शाळेत जाणाऱ्या गरीब मुलांना वाचता येत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, मग प्रगत शिक्षण संस्था काढून मुलांना मराठी वाचायला शिकवण्यात आयुष्य घातलं. इथे सांगितलेल्या दोषाची दुरुस्ती सांगणाऱ्याच्या हातात होती.

यावरून कुणी म्हणेल की मग नियम सोपा आहे: जो इथे राहील, खपेल, त्याने बोलावं, बाकीच्यांनी गप्प बसावं. हा नियम मला अपुरा वाटतो. एक तर तो आपण पाळत नाही. पिंपरीपाड्याचा रहिवासी इथेच राहतो आणि या शहरासाठी खपतो, तरी त्याचं गाऱ्हाणं आपण ऐकत नाही. दुसरं, सत्य सांगायला रहिवासाचा दाखला लागत नाही. सांगणाऱ्याचा हेतू, त्याचा माज, त्याचं अज्ञान, सगळं तपासावं. फक्त ते दुसऱ्या क्रमांकावर तपासावं. पहिला प्रश्न, जे सांगितलं ते खरं आहे का, हाच असायला हवा. खोटं असेल तर पुराव्याने खोडावं, अर्धं खरं असेल तर गांधीजींसारखं त्याला अर्धं म्हणावं.

आपल्या मुलाबाळांसाठीही हे महत्त्वाचं झालं आहे. १४ जुलै २०१९ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी टीका करणाऱ्या चार महिला खासदारांना आपापल्या देशात परत जा असं सुनावलं. त्या चौघींतल्या तिघी अमेरिकेतच जन्मल्या होत्या. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार आज मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेसमध्ये बसतात, आणि एप्रिल २०२५मध्ये त्यांनी खुद्द अध्यक्षांविरुद्ध महाभियोगाचा प्रस्ताव मांडला. त्यांची भूमिका कुणाला पटो न पटो, तो त्यांचा हक्क आहे हे इथे बसून आपण एकमुखाने म्हणतो. मग दिंडोशीच्या डेपोसमोर रिक्षा लावणाऱ्या जौनपूरच्या माणसालाही या शहराच्या खड्ड्यांवर बोलायचा तोच हक्क आहे. त्याच्या मणक्याला ते खड्डे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

पुढच्या प्रकरणांत या प्रसंगांची कागदपत्रं, त्या वेळची उत्तरं आणि प्रत्युत्तरं सविस्तर दिली आहेत. काही मजकूर वाचताना राग येईल; मलाही आला, विशेषतः मेयोबाईंची पानं वाचताना. तरी एकही उतारा मी सौम्य करून दिलेला नाही, कारण ज्याचा राग आला तो मूळ शब्द समोर असल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. माझी वाचकांना विनंती आहे की पुस्तक क्रमाने वाचावं, १९२७चं प्रकरण टाळून पुढे जाऊ नये, आणि जिथे माझं म्हणणं चुकीचं वाटेल तिथे कारणासह लिहून कळवावं. पत्र लिहिणारा दिंडोशीचा आहे की दरभंग्याचा की डेट्रॉइटचा, हे मी विचारणार नाही. मुद्दा खरा असेल तर पुढच्या आवृत्तीत तो त्याच्या नावानिशी छापीन.